आळ येऊ नये म्हणून

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एखादा मध्यम कारखाना डोळ्यासमोर आणा. ऑफिसात सहा-सात संगणक. एकावर हिशेब, एकावर हजेरी-पगार, एकावर जकार्डची डिझाइन, दोन डिस्पॅचला, एक गोडाऊनच्या दारात, एक मालकांच्या केबिनमध्ये. सगळ्यांच्या वायरी एका स्विचमध्ये, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीत, आणि स्विचची वायर राउटरमध्ये. यातल्याच एका संगणकावर, बहुतेक वेळा हिशेबाच्या, 'ऑफिस डेटा' नावाचं एक फोल्डर असतं आणि ते 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन शेअर केलेलं असतं. संगणक बसवणाऱ्यानं पहिल्या दिवशी तसं केलं नसतं, तर डिस्पॅचवरून "काय ओ, फोल्डर उघडेना की!" अशी हाक आली असती. ती हाक बंद करायचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच होता.

त्या फोल्डरात काय नसतं? सूतखरेदीचे दर, परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी, अजून बाजारात न आलेली डिझाइनं, टॅलीचा डेटा, कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, पगारपत्रकं. सगळं एकाच छपराखाली, एकाही खोलीला दार नाही.

दार बसवूया, म्हणजे कुठलं फोल्डर कुणाला उघडावं ते ठरवूया, म्हटलं की मालकांचं उत्तर ठरलेलं असतं: आपलीच माणसं आहेत. यात खोटं काही नाही. इथले धंदे घरातून वाढलेले आहेत, वीस-वीस वर्षं एकाच टेबलावर बसणारी माणसं आहेत, हिशेबनीस म्हणजे सगळ्यांचे अण्णा असतात. त्यांच्यासमोर पासवर्डाची खिडकी उभी करायची म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. ज्या दिवशी मार्चअखेरची फाइल गायब होते, त्या दिवशी सगळ्यांना सगळे हक्क असलेल्या ऑफिसात संशय सगळ्यांवरच जातो. कुणी पुसली, हे शोधायला काही साधन नसतं, आणि वीस वर्षांच्या माणसाकडेही क्षणभर तशा नजरेनं बघितलं जातं. पगाराच्या फोल्डरात ज्याला जाताच येत नाही, त्याच्यावर पगार फुटल्याचा आळ येऊच शकत नाही. परवानगी मर्यादित असणं हे आधी त्या माणसाचं संरक्षण आहे, मालकाचं नंतर.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. प्रत्येकाचा क्रम ठरलेला, प्रत्येकाचे मानकरी ठरलेले. मागच्या काठीला पुढच्या काठीचा मान नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा अविश्वास आहे असं सोलापुरात कुणी म्हणणार नाही. काम ठरलं की मान ठरतो. फोल्डरचंही मला तसंच दिसतं.

सुरुवात संगणकावर करू नये, कागदावर करावी. आडव्या ओळीत फोल्डर: हिशेब, पगार, डिझाइन, डिस्पॅच, सामायिक, स्कॅन. उभ्या ओळीत कामं: हिशेब बघणारे, पगार करणारे, डिझाइन करणारे, माल पाठवणारे, मालक. इथे माणसांची नावं लिहायची नाहीत, कामांचीच लिहायची. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एकच अक्षर: 'लि' म्हणजे लिहू शकतो, 'वा' म्हणजे फक्त वाचू शकतो, फुली म्हणजे काहीच नाही. पाच कामं आणि सहा फोल्डर म्हणजे तीस चौकोन. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते मालकांना शेजारी बसवूनच करावं, कारण डिस्पॅचला ऑर्डरचा दर दिसावा की नुसती संख्या, हे संगणकवाल्यानं ठरवायचं नसतं. हा कागद भरताना हमखास लक्षात येतं, की 'लि' फार थोड्या चौकोनांत लागतं. एका फोल्डरात रोज लिहिणारे हात दोन किंवा तीन असतात. बाकीच्यांना बघायचं असतं.

बघण्यापेक्षा लिहिण्याचा हक्क आवळणं जास्त महत्त्वाचं, असं मी आग्रहानं सांगेन. फाइली अनेकदा जातात त्या चोरीत नाही, निसटलेल्या बोटात. उन्हाळ्याची दुपार, बाहेर बेचाळीस अंश, फोन खांद्यात धरलेला, माउसची डावी कळ दाबलेली राहते आणि 'डिझाइन' हे अख्खं फोल्डर उचलून शेजारच्या 'डिस्पॅच'च्या पोटात जाऊन बसतं. ओढणाऱ्याला पत्ताही नसतो. दुसऱ्या दिवशी डिझाइनवाला म्हणतो, फोल्डरच नाही. आणि नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती सरळ जाते. आपल्या संगणकावर पुसलेलं परत मिळतं, या सवयीनं माणूस इथेही निर्धास्त असतो.

आता यंत्राकडे. फाइली ज्या संगणकावर आहेत त्याला यजमान म्हणू. त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती असावी. होम आवृत्तीत खाती आणि गट सांभाळायची 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स' ही खिडकीच उघडत नाही, आणि खरी मदार गटांवरच आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा यजमान तरी विंडोज ११ वर हवा. साध्या विंडोजच्या परवान्यात एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे, सात संगणकांच्या ऑफिसला ती पुरते. ज्या डिस्कवर डेटा आहे तिची मांडणी एनटीएफएस असली पाहिजे. बाहेरून लावलेली हार्ड डिस्क पुष्कळदा एक्सफॅट किंवा फॅट ३२ असते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी नावाचा टॅब दिसतच नाही, कारण त्या मांडणीत फाइलगणिक हक्क नोंदवायला जागाच नाही. टॅब का दिसत नाही म्हणून लोक तास तास शोधतात, उत्तर एवढंच असतं.

एका फोल्डरवर हक्कांच्या दोन याद्या असतात, आणि बहुतेक घोळ इथे होतो. एक शेअरिंगची यादी, तीत तीनच प्रकार: रीड, चेंज, फुल कंट्रोल. दुसरी सिक्युरिटी टॅबमधली, म्हणजे एनटीएफएसची, बरीच बारीक. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू पडतात. दोन चाळण्या एकावर एक ठेवल्या की खाली तेवढंच पडतं जेवढं बारीक चाळणीतून जातं, तसं दोन्हींपैकी जी कडक असेल तिचं चालतं. शेअरिंगमध्ये 'रीड' ठेवून सिक्युरिटीत कितीही फुल कंट्रोल दिलं तरी माणूस वाचूच शकणार. उलट, यजमान संगणकापुढेच जो बसतो त्याला शेअरिंगची चाळणी लागतच नाही, त्याच्यासाठी फक्त सिक्युरिटीची यादी. म्हणून शेअरिंगची यादी ढोबळ ठेवायची: 'एव्हरीवन' काढून 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ला, म्हणजे खात्यानं ओळख पटवून आत आलेल्या सगळ्यांना, 'चेंज'. सगळी बारीक कारागिरी सिक्युरिटीत करायची. 'चेंज'चा आणखी एक फायदा म्हणजे नेटवर्कवरून कुणी हक्कांची यादीच बदलू शकत नाही.

एकाच यादीच्या आत मात्र हिशेब बेरजेचा आहे. एक माणूस दोन गटांत असेल, एका गटाला वाचायचा हक्क आणि दुसऱ्याला लिहायचा, तर त्याला लिहिता येतं. दोन याद्यांमध्ये कडक ती खरी आणि एका यादीत बेरीज, एवढं एकदा पक्कं झालं की निम्मी कोडी आपोआप सुटतात.

खाती यजमानावर तयार करायची, प्रत्येक माणसाला एक. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न ठेवता, कारण जुनी स्कॅनर यंत्रं देवनागरी नावाला अडखळतात. नवं खातं उघडताना 'पुढच्या वेळी पासवर्ड बदला' या अर्थाच्या चौकटीत आधीच खूण असते. ती काढली नाही तर नेटवर्कवरून लॉगिन होतच नाही, कारण पासवर्ड बदलायची ती खिडकी फोल्डर उघडणाऱ्याला दिसायची सोय नसते. तसंच पासवर्डाची मुदत: मूळ व्यवस्थेत ती ४२ दिवसांची असते. दीड महिन्यानं अचानक सगळं ऑफिस बाहेर राहिलं, तर विंडोज बिघडलं म्हणण्याआधी ही मुदत बघावी. ती बंद करून वर्षातून दोनदा ठरवून हातानं पासवर्ड बदललेला बरा. रिकामा पासवर्ड ठेवलेलं खातं नेटवर्कवरून चालत नाही, विंडोज ते मुद्दाम अडवतं. आणि चार आकडी पिन ही फक्त त्याच संगणकापुरती असते, दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर मागताना पिन टाकून उपयोग नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. "पासवर्ड बरोबर आहे तरी घेईना" या तक्रारीमागे पुष्कळदा ही पिनच असते.

खाती झाली की गट. 'पगार-लिहिणारे', 'पगार-वाचणारे', 'डिझाइन-लिहिणारे' असे, कागदावरच्या चौकोनांप्रमाणे. फोल्डरवर हक्क नेहमी गटालाच द्यायचा, माणसाला कधीच नाही. सीए लोकांच्या ऑफिसात हे सगळ्यात ठळक दिसतं: आर्टिकलशिप करणारी मुलं येतात, शिकतात, जातात. माणसागणिक हक्क दिले असतील तर प्रत्येक मुलामागे चाळीस फोल्डर धुंडाळावे लागतात. गट असेल तर एका यादीतून नाव काढलं, दुसऱ्याचं घातलं, काम संपलं. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गटात नाव घातल्या घातल्या हक्क मिळत नाही. जोडणी झाली त्या वेळी जे गट होते तेच त्या जोडणीला माहीत असतात. त्या माणसानं साइन आउट करून पुन्हा आत आलं पाहिजे. हे न केल्यानं "नाव घातलं तरी उघडेना" म्हणून वैतागून लोक पुन्हा 'एव्हरीवन'कडे वळतात, आणि सगळं मुसळ केरात जातं.

आता पगाराचं फोल्डर जवळून बघू, कारण दार बसवायची खरी रीत त्यातच कळते. डी ड्राइव्हवर 'डेटा' आणि त्याच्या आत 'पगार' असं फोल्डर केलं. सिक्युरिटी टॅब उघडला तर त्यात आपण न घातलेली नावं आधीच बसलेली दिसतात. ती वरून आलेली असतात. सिस्टीमच्या ड्राइव्हखेरीज दुसऱ्या ड्राइव्हच्या मुळावर 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ला 'मॉडिफाय' (वाचणं, लिहिणं, पुसणं) आणि 'युजर्स'ला वाचायचा हक्क मुळातच दिलेला असतो, आणि तो वारशानं खालच्या प्रत्येक फोल्डरात उतरतो. म्हणून दोघांचीच नावं घातली तरी तिसऱ्याला फोल्डर उघडतं: तिसरा माणूस वारशाच्या दारानं आत येतो.

तर आधी वारसा तोडायचा. 'अॅडव्हान्स्ड'मध्ये 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबलं की विंडोज विचारतं, वरून आलेले हक्क इथले म्हणून ठेवू की पुसून टाकू? 'ठेवू' हा, म्हणजे 'कन्व्हर्ट'वाला पर्याय घ्यावा. 'पुसू' म्हटलं तर 'सिस्टीम' आणि 'अॅडमिनिस्ट्रेटर्स'ही जातात आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम त्या रात्री गुपचूप हे फोल्डर सोडून पुढे जाऊ शकतो. मग 'ऑथेंटिकेटेड युजर्स' आणि 'युजर्स' या ओळी काढायच्या. 'सिस्टीम' आणि 'अॅडमिनिस्ट्रेटर्स' राहू द्यायचे. 'अॅड' दाबून 'पगार-लिहिणारे' या गटाला 'मॉडिफाय' आणि 'पगार-वाचणारे' या गटाला 'रीड अँड एक्झिक्यूट'. फुल कंट्रोल कामाच्या कुठल्याही गटाला नाही. ज्याला फुल कंट्रोल आहे तो यादीच बदलू शकतो, आणि रोजच्या कामात ते कुणालाच लागत नाही. शेवटी 'इफेक्टिव्ह अॅक्सेस' या टॅबवर डिस्पॅचच्या एका माणसाचं नाव घालून बघायचं. सगळीकडे लाल फुल्या दिसल्या पाहिजेत.

'डिनाय'ची चौकट मोहात पाडते. एका माणसाला अडवायचं तर त्याला सरळ 'डिनाय' करू, असं वाटतं. नको. एकाच फोल्डरवर थेट दिलेले समोरासमोर आले की 'डिनाय' हा 'अलाउ'वर मात करतो, आणि ज्या गटाला आपण डिनाय केलं त्यात मालकही असतात. 'युजर्स'ला किंवा 'एव्हरीवन'ला डिनाय केलं की अॅडमिनिस्ट्रेटरही बाहेर. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याचं नाव यादीत घालायचंच नाही, एवढं पुरतं.

ओढून हरवणाऱ्या फोल्डरचा बंदोबस्तही याच खिडकीत आहे, आणि तो फार थोड्या ऑफिसांत केलेला असतो याची मला हळहळ वाटते. सगळ्यात वरच्या 'डेटा' फोल्डरवरही आधी तसाच वारसा तोडून, त्याच दोन ओळी काढून, सगळ्यांना 'रीड अँड एक्झिक्यूट' द्यायचं, पण 'अॅप्लाइज टू' या रकान्यात 'धिस फोल्डर ओन्ली' निवडायचं. म्हणजे सगळ्यांना दालनात येता येतं, दालनात काही ठेवता किंवा हलवता येत नाही. मग आतल्या प्रत्येक फोल्डरवर, समजा 'डिझाइन'वर, त्याच गटाच्या दोन ओळी करायच्या. पहिली 'धिस फोल्डर ओन्ली': वाचणं, फाइल तयार करणं, फोल्डर तयार करणं, पण 'डिलीट'ची खूण नाही. दुसरी 'सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली': 'मॉडिफाय'. याचा परिणाम असा, की डिझाइनवाला आत हवं ते करू शकतो, पण 'डिझाइन' हे फोल्डर स्वतः जागचं हलत नाही. माउस निसटला तर विंडोज फक्त परवानगी नाही एवढं सांगतं आणि गोष्ट तिथंच संपते. साध्या 'मॉडिफाय'मध्ये फोल्डर स्वतः पुसण्याचा हक्कही येतो, म्हणून ही दोन ओळींची उठाठेव करायची.

हे कळलं की कुणीतरी म्हणतं, मग फाइलींवरूनही 'डिलीट' काढून टाकू, कुणी काही पुसणारच नाही. इथे एक्सेल आडवं येतं. एक्सेल जुन्या फाइलवरच लिहीत नाही. आधी त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहितं, मग जुनी बाजूला सारून तिच्या जागी नवी बसवतं. पुसण्याचा हक्क नसेल तर हे शेवटचं पाऊल अडतं, सेव्ह होत नाही, आणि फोल्डरात आठ आकडी-अक्षरी विचित्र नावांच्या, शेपूट नसलेल्या फाइली साचतात. लिहायचा हक्क द्यायचा असेल तर पुसायचाही द्यावाच लागतो. त्याची भरपाई बॅकअपनं करायची असते.

टॅलीचं थोडं वेगळं आहे. एंट्री करणाऱ्या प्रत्येकाला डेटाच्या फोल्डरात लिहायचा हक्क लागतो, मग तो दिवसाला एकच व्हाउचर का घालेना. त्यामुळे कुणी कुठली एंट्री बघावी किंवा बदलावी हे टॅलीच्या आतल्या युजर व्यवस्थेनं आवळावं, आणि विंडोजकडून एवढंच करून घ्यावं, की हिशेबाच्या गटाखेरीज त्या फोल्डरात कुणी पाऊल टाकणार नाही. टॅलीचा डेटा 'डेटा'च्या पोटात न ठेवता वेगळा शेअर करावा आणि शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावावं. डॉलर लावलेला शेअर नेटवर्क चाळणाऱ्याला यादीत दिसत नाही, पत्ता माहीत असणाऱ्यालाच उघडतो. ही नुसती आडोशाची भिंत आहे, कुलूप नव्हे. हक्क तरीही नीट लावायचेच. पगारही 'डेटा'बाहेर ठेवून त्याला हाच आडोसा द्यावा, कारण साध्या विंडोजमध्ये हक्क नसलेल्या फोल्डरचं नाव तरी दिसतंच. सर्व्हर आवृत्तीत किंवा चांगल्या नास यंत्रात (नेटवर्कला जोडलेली, फक्त फाइली ठेवायची पेटी) ज्याला हक्क नाही त्याला नावही दिसू नये अशी सोय असते.

आता काय काय बिघडतं. सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी अडचण म्हणजे १२१९ क्रमांकाची चूक. एका विंडोज लॉगिनमधून एकाच यजमानाकडे दोन वेगळ्या नावांनी एकाच वेळी जाता येत नाही. सकाळी डिस्पॅचच्या नावानं जोडलेला संगणक दुपारी मालक त्यांच्या नावानं जोडू बघतात, विंडोज नाही म्हणतं. 'क्रेडेन्शियल मॅनेजर' या विंडोजच्या पासवर्ड-वहीतली जुनी नोंद काढून, जोडलेले ड्राइव्ह तोडून, साइन आउट केलं की सुटतं. पण खरा रोग वेगळा आहे: एकाच संगणकावर पहिल्या पाळीचा आणि दुसऱ्या पाळीचा माणूस एकाच लॉगिनमध्ये बसतात आणि पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलेला असतो. मग दुसऱ्या पाळीतलं सगळं काम पहिल्याच्या नावावर पडतं, आणि ज्या आळापासून वाचवायला हे सगळं केलं तोच आळ चुकीच्या माणसावर येतो. गोडाऊनच्या दारातल्या संगणकावर तरी प्रत्येक पाळीला स्वतंत्र लॉगिन हवंच.

फाइल हलवणं आणि फाइल कॉपी करणं यांतही फरक आहे. कॉपी केलेली फाइल नव्या जागेचे हक्क घेते. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाइल पुष्कळदा जुन्या जागेचे हक्क तसेच घेऊन येते. 'पगार'मधून 'सामायिक'मध्ये कट करून टाकलेली यादी सगळ्यांना दिसते पण उघडत नाही, त्याचं कारण हे. उलट दिशेनं झालं तर जास्त वाईट: 'सामायिक'मधून 'पगार'मध्ये हलवलेली फाइल आत जाऊनही जुनेच सैल हक्क बाळगून असते. कॉपी करावी आणि मूळ पुसावं, हे बरं. याच्यावर उपाय म्हणून 'रिप्लेस ऑल चाइल्ड'ची चौकट वरच्या फोल्डरवर दाबू नये. ती खालच्या सगळ्या फोल्डरांचे वेगळे हक्क पुसून एकसारखे करते, आणि पगाराचं इतक्या कष्टानं बसवलेलं दार एका क्लिकनं निघून जातं.

स्कॅनर विसरला जातो. झेरॉक्सचं मोठं यंत्र स्कॅन करून थेट फोल्डरात टाकतं, आणि त्याच्या आठवणीत कुणाचा तरी पासवर्ड भरलेला असतो, बहुधा अॅडमिनिस्ट्रेटरचा. त्याला स्वतःचं खातं द्यावं आणि 'स्कॅन' एवढ्या एकाच फोल्डरावर हक्क. काही जुनी यंत्रं एसएमबी १ ही नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची पहिली, जुनाट भाषाच बोलतात. त्यांच्यासाठी यजमानावर ती भाषा सुरू करू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची खंडणी मागणारी लागण जगभर पसरली ती याच भाषेतल्या भगदाडातून, आणि मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच देऊन ठेवली होती. अशा यंत्राला स्कॅन पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलवर टाकायला लावावं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटनंतर प्रो आवृत्तीतही बिनपासवर्डाची पाहुणा-जोडणी मुळातच बंद झाली आहे. त्यामुळे जुनं नास यंत्र 'उघडेना' झालं, तर विंडोजची ती राखण सैल करू नये, नासवर पासवर्डासह खातं उघडावं.

अशी लागण एका संगणकात शिरली, की बहुधा त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या हक्कांनिशी नेटवर्कवर हिंडते. ज्या फोल्डरात तो लिहू शकतो तेवढ्याच फाइली ती कुलूपबंद करू शकते. डिस्पॅचच्या संगणकातून आली तर डिस्पॅच जातं, डिझाइन बचावतं. म्हणून मालकांनीही रोजचं काम साध्या खात्यानं करावं आणि अॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं ठेवावं. हे मालकांना सांगायला संकोच वाटतो, पण सांगावं. ज्याचे हक्क सगळ्यात मोठे, त्याच्या एका क्लिकचं नुकसानही सगळ्यात मोठं.

हक्कांनी काय होत नाही तेही सांगायला हवं. ज्याला वाचता येतं त्याला कॉपी करता येतं, निदान मोबाइलनं पडद्याचा फोटो काढता येतो. नव्या डिझाइनची फाइल कुणी बाहेर नेऊ नये अशी इच्छा असेल तर वाचायचा हक्कच मोजक्यांना द्यावा, 'वाचू दे पण नेऊ देऊ नको' अशी चौकट विंडोजमध्ये नाही. आणि जो यजमान संगणकच उचलून नेईल किंवा पेन ड्राइव्हवरून तो सुरू करेल, त्याला एनटीएफएसचे हक्क अडवत नाहीत. त्यासाठी डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क किल्लीशिवाय वाचता न येणारी करणारं विंडोजचं कुलूप, लावावा, त्याची किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवावी, आणि यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टेबलावर नसावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो भिंतीला चिकटवूनही ठेवू नये, यूपीएसवर असावा आणि त्याची स्लीपची सवय मोडलेली असावी, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांचं फोल्डर 'गायब' होतं.

बॅकअपच्या दोन हार्ड डिस्क, आलटून पालटून. एक लावलेली असताना दुसरी घरी. कायम लावून ठेवलेली डिस्क लागणीच्या दिवशी डेटाबरोबरच जाते.

कोणी काय पुसलं याची नोंद हवी असेल तर प्रो आवृत्तीत ऑडिटची सोय आहे. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ती सुरू करायची, मग पगार आणि हिशेबाच्या फोल्डरवर ऑडिटिंगमध्ये फक्त 'डिलीट'च्या प्रकारांवर खूण करायची. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ आणि ४६६० क्रमांकाच्या नोंदी उमटतात, खात्याच्या नावासह आणि वेळेसह. प्रत्येक वाचण्याची नोंद ठेवू नये: लॉगची वही मूळची लहान असते, काही तासांत भरते आणि जुनी पानं पुसली जातात. हवी ती नोंद नेमकी त्यात जाते.

कायद्याचीही बाजू आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माणसांची वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्यावर ती वाजवी रीतीनं सुरक्षित ठेवायची जबाबदारी टाकली आहे. विणकराचा आधार क्रमांक आणि बँक खातं ही त्याची माहिती आहे, ती आपल्याकडे ठेवायला दिलेली आहे. ती गोडाऊनच्या संगणकावर उघडी पडू नये यासाठी मला कायद्याचीही गरज वाटत नाही.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचं खातं बंद करावं, पुसू नये. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकानं ओळखतं. खातं पुसलं तर ते जिथे थेट यादीत असेल तिथे नावाऐवजी तो क्रमांक उरतो, आणि पुन्हा त्याच नावाचं खातं उघडलं तरी क्रमांक नवा असल्यानं जुने हक्क परत येत नाहीत. बंद केलेलं खातं सहा महिने तसंच राहू द्यावं. कागदावरच्या तक्त्यात तारीख घालावी. त्याच संध्याकाळी स्कॅनरचा आणि वायफायचा पासवर्ड बदलावा, कारण ते दोन्ही सगळ्यांना पाठ असतात.

हे सगळं बसवायला संक्रांतीची सुट्टी चांगली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत ऑफिस शांत असतं, मोडलं तर दुरुस्तीला सवड असते. आधी पूर्ण बॅकअप, मग सध्याच्या हक्कांच्या खिडक्यांचे फोटो, मग बदल. सुट्टी संपून माणसं आली की प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्याच्यासमोर दोन गोष्टी करून बघाव्यात: त्याच्या कामाची फाइल उघडून सेव्ह होते का, आणि पगाराच्या फोल्डरचा पत्ता टाकल्यावर दार बंद आहे का. "अण्णा, ह्यात तुमचं काम नाही, म्हणून हे तुम्हाला उघडणार नाही" असं तिथंच, मोकळेपणानं सांगावं. मग त्यांना शेजारचं 'हिशेब' उघडून दाखवावं, जिथे लिहायचा हक्क फक्त त्यांचा आणि त्यांच्या हाताखालच्या एका पोराचा आहे.